माल्टातल्यासारखी परसबाग मयेत: अंजीर, लिंबू, टोमॅटो, बटाटा यांतलं काय जमेल?

मये_परस:

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ माल्टात, गोझो बेटावर कामाला आहे. तिथल्या परसांचे फोटो पाठवतो: दगडी गडग्यांच्या आड अंजीर, लिंबू, टोमॅटो, बटाटा, बाकला, भिंतीवर वाढलेलं केपर, कुंपणाला निवडुंगाची लाल बोंडं. पाऊस आपल्या पाव हिश्श्याइतकाही नाही, तरी मळे भरलेले. घरी येताना बियाणं आणि अंजिराच्या काड्या आणू का, असं विचारतोय. त्याआधी जाणकारांकडून काही गोष्टी पक्क्या करून घ्यायच्या आहेत.

जागा: गोव्यात डिचोली तालुका, मये. उतारावर 800 चौरस मीटर, जांभ्याची जमीन. वरच्या अंगाला माती वीतभर, खालच्या अंगाला दीड-दोन हात. माती तपासली, सामू (pH) 5.2. विहिरीचं पाणी मार्चअखेरपर्यंत दिवसाला 1500 लिटर मिळतं, मे महिन्यात निम्मं. घराचं कौलारू छप्पर साधारण 100 चौरस मीटर. पावसात वरून लोंढा येतो आणि माती खाली वाहून जाते.

प्रश्न असे:
1. वरच्यापैकी कोणती पिकं इथे घ्यावीत, कोणती सोडून द्यावीत?
2. अंजीर लावायचं तर पावसाळ्याचं काय करायचं?
3. टोमॅटो आणि वांगी फुलावर आली की उभीच्या उभी मान टाकतात, पानं हिरवीच असतात. पाणी कमी पडलेलं नसतं. हे काय आहे?
4. त्यांच्यासारखे कोरडे गडगे आपल्या पावसात टिकतील का?

गोझोहून:

आधी ऋतूंचं गणित समजून घ्या, म्हणजे अर्धे प्रश्न आपोआप सुटतील. माल्टात वर्षाला साधारण 550 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा सप्टेंबरअखेर ते मार्च या थंडीच्या काळात. मे ते ऑगस्ट कोरडे. गोव्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास, जून ते सप्टेंबर, आणि तोही उकाड्यात. सांजावच्या दिवशी (24 जून) आपल्या विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात. त्याच दिवसांत माल्टात पहिल्या बहाराचे मोठे अंजीर बाजारात येतात आणि जमीन भाजून निघालेली असते. तिथल्या झाडाला ओल मिळते ती थंडीत आणि फळ पिकतं ते कोरड्या उन्हात. आपल्याकडे ओल आणि उष्णता एकदम येतात. बुरशी आणि जिवाणूंना याहून चांगले दिवस नाहीत.

आता एकेक पीक.

बटाटा: माल्टात नोव्हेंबर ते जानेवारीत लावतात आणि एप्रिल-मे महिन्यांत काढतात. नेदरलँड्सला निर्यातही होते. कंद धरायला रात्रीचं तापमान 15 ते 18 अंश हवं. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री 20 च्या आसपास. पाला येईल, कंद गोटीएवढे राहतील. सोडून द्या. त्याच्या जागी रताळी आणि कणगी घ्या.

बाकला: तिथे पहिल्या पावसावर पेरतात, ओलीवर वाढतो आणि जमिनीला नत्र देऊन जातो. इथे दुपारी 30-32 अंशांत फुलं गळतात. पण ती पद्धत घेण्यासारखी आहे. ते काम आपल्याकडे अळसांदे (मोठ्या दाण्याची चवळी) आणि वाल करतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, माती बोटाला ओली लागते तोवर पेरा.

केपर आणि ऑलिव्ह: केपरला चुनखडीच्या भिंतीतली कोरडी फट लागते, आपल्या जुलैत मूळ कुजतं. ऑलिव्हचं झाड जगेल, पण फुलोऱ्यासाठी लागणारी थंडी इथे नाही. जागा अडवू नका.

निवडुंग: सिसिलीत याची पद्धतशीर शेती होते. मे अखेर ते जूनमध्ये पहिला फुलोरा खुडून टाकतात, म्हणजे दुसरा येतो आणि शरदात मोठी, कमी बियांची बोंडं मिळतात. गोव्यात मात्र लावू नका. पावसात तळाशी सडतो आणि उरलेला तुकडा जिथे पडेल तिथे रुजतो. भारतात एकेकाळी निवडुंग इतका माजला होता की आवरायला कोचिनील किडा सोडावा लागला.

राहिले अंजीर, लिंबू, टोमॅटो, कांदा, नवलकोल, मुळा, कलिंगड. हे सगळं जमेल, पण हंगाम आपला धरायचा. ऑक्टोबर मध्य ते मार्च हीच आपली वेळ.

काड्यांबद्दल स्पष्ट सांगतो: सामानातून आणू नका. वनस्पती संगरोध आदेश 2003 नुसार आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असल्याशिवाय रोपं, काड्या, बियाणं आणता येत नाही. नियमाचं कारणही खरं आहे. इटलीच्या दक्षिण भागात झायलेला नावाच्या जिवाणूने ऑलिव्हची झाडं मारली आहेत आणि तो काडीतून प्रवास करतो. शिवाय तिकडच्या काही अंजिरांना फळ धरायला एका विशिष्ट चिमुकल्या माशीचं परागीभवन लागतं. ती माशी इथे नाही, म्हणजे झाड वाढेल आणि फळं कच्चीच गळतील. पुरंदरचं पुना अंजीर किंवा दिनकर घ्या, त्यांना माशी लागत नाही.

माल्टाकडून घ्यायचं ते मातीचं आणि पाण्याचं जतन. तिथे चुनखडीवर वीत-दोन वीत लाल माती आहे, नदी एकही नाही. सुपीक मातीच्या रक्षणासाठी 1973 चा कायदा आहे. घर बांधायचं तरी जागेवरची चांगली माती गाडून टाकता येत नाही, ती शेतात हलवावी लागते. तुमच्या वरच्या अंगाच्या वीतभर मातीकडे त्याच नजरेने बघा.

कुळागर_फोंडा:

मी अंजीर आणि गडग्याबद्दल लिहितो.

अंजिराचा शत्रू पाऊस नाही, पावसातला तांबेरा आहे. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे ठिपके दिसतात. पान उलटं करून बोट फिरवलं की विटकरी पूड बोटाला लागते. ऑगस्टपर्यंत झाड बोडकं होतं. झाड त्याने मरत नाही, पण दरवर्षी असं झालं की फांद्या बारीक राहतात आणि फळ धरत नाही.

दोन मार्ग आहेत. पहिला ड्रमचा, मये भाऊ, तुम्हाला तोच सुचवेन. 200 लिटरचा प्लॅस्टिक ड्रम मधून कापा, तळाला बोटभर जाडीची सात-आठ भोकं पाडा, वर चार बोटं जांभ्याचे तुकडे घाला. मग दोन भाग माती, एक भाग जाड रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, वर अर्धा किलो निंबोळी पेंड आणि दोन मुठी डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीची पूड). निंबोळी पेंड वगळू नका. अंजिराच्या मुळांवर सूत्रकृमींच्या (मातीतल्या सूक्ष्म जंतांच्या) गाठी फार पटकन येतात. ड्रम दोन चिऱ्यांवर उचलून ठेवा, म्हणजे मुळं खालच्या मातीत शिरत नाहीत आणि पाणीही साचत नाही. जून ते सप्टेंबर वर पारदर्शक पत्रा असावा, पण चारही बाजू उघड्या. बाजू झाकल्या की आत दमट राहतं आणि तांबेरा उघड्यावरच्यापेक्षा जास्त येतो.

दुसरा मार्ग जमिनीत. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, पण झाड खड्ड्यात लावायचं नाही. खड्डा भरून त्यावर दीड-दोन फुटांचा उंचवटा करायचा आणि त्यावर गुटी कलम लावायचं. जांभ्यात खड्डा म्हणजे जुलैत पाण्याचा हौद.

फवारणी कुळागराचीच: एक टक्का बोर्डो. सुपारीला कोळेरोगासाठी करतो तेच. 10 लिटरसाठी 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत 5-5 लिटर पाण्यात विरघळवून. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओतत ढवळायचं. मग स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांब्याची लालसर झाक आली तर चुना कमी पडला, थोडा वाढवा. तसंच फवारलं तर पानं करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा. पहिली फवारणी मे अखेरीस, नंतर जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत. फळं सुपारीएवढी झाली की बंद.

छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात. प्रत्येक फांदीवर चार ते सहा डोळे ठेवायचे. चीक अंगावर येऊ देऊ नका, कातडी पोळते. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट: 100 ग्रॅम, 100 ग्रॅम, 1 लिटर पाणी. नवीन फुटीच्या पानांच्या बेचक्यात फळ येतं आणि साधारण चार महिन्यांनी पिकतं, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. पुरंदरकडे खट्टा आणि मीठा असे दोन बहार घेतात. गोव्यात फक्त मीठा बहार धरा. पावसात पिकणारं अंजीर फुटतं, आंबतं, आत बुरशी धरते. ड्रममधल्या झाडाला फळ भरताना रोज 5-6 लिटर पाणी लागतं. दोन दिवस सुकवून तिसऱ्या दिवशी भरपूर दिलंत तर फळं देठाजवळ तडकतात. मान झुकलेलं, हलक्या हाताने सुटणारं फळच काढा, झाडावरून उतरल्यावर ते गोड होत नाही. वटवाघळं आणि बुलबुलांसाठी मलमलच्या पिशव्या बांधाव्यात.

आता गडगा. माल्टातले गडगे दुहेरी असतात. दोन्ही बाजूंना तोंडाचे मोठे दगड आणि मधे बारीक दगडांची भर, चुना-सिमेंट काही नाही. पाणी आरपार जातं, माती अडते. आपल्या पावसात हे जास्तच लागू आहे. 100 मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडला तर तुमच्या 800 चौरस मीटरवर 80 हजार लिटर पाणी येतं. सिमेंटच्या बंद भिंतीमागे ते साचलं की भिंत पोट काढते आणि पडते.

पाया कठीण जांभ्यापर्यंत, निदान एक फूट. तळाची रुंदी 70 सेंटिमीटर, माथ्याची 40, उंची 90 च्या वर नेऊ नका. जास्त उतार असेल तर दोन गडगे घाला. बाहेरचं तोंड आत कललेलं हवं, 90 सेंटिमीटरला 15. मध्यावर, दर मीटरला एक लांब दगड आडवा, दोन्ही तोंडं बांधून ठेवणारा. बहुतेक पडलेल्या गडग्यांत हाच दगड नसतो. पोटात माती भरू नका. ती पहिल्या पावसात धुऊन जाते आणि पोकळी राहते. दगड आणि मळ्याची माती यांच्यामध्ये वीतभर खडी. खाणीतले तासलेले चिरे कोरडे रचले तर सांधे एका रेषेत येऊन सरकतात, ओबडधोबड आणि टणक दगडच चांगले. बोटाने खरवडला की पूड पडते असा जांभा गडग्याच्या पायाला वापरू नका.

आणि सगळ्यात आधी वरच्या कडेला एक फूट रुंद, एक फूट खोल चर खणा, दोनशे फुटांना एक फूट उतार देऊन पाणी बाजूच्या ओहोळात काढून द्या. गडगा मळ्यात पडलेल्या पावसासाठी असतो. डोंगराचा लोंढा त्याच्यावर सोडायचा नाही.

वाळपईची_बी_बियाणे:

तिसरा प्रश्न माझ्याकडे. पानं हिरवी असताना झाड मान टाकतं, पहिले दोन दिवस संध्याकाळी सावरतं आणि मग कायमचं झोपतं, हा जिवाणूजन्य मर रोग. खात्री करायची तर मेलेल्या झाडाचा बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन तुकड्याचं खालचं टोक पाण्यात बुडेल असा धरा आणि हलवू नका. पाच मिनिटांत कापातून दुधी धागे खाली उतरताना दिसले तर मरच. धागे नसतील आणि खोड आत तपकिरी असेल तर बुरशीची मर असू शकते. मुळांना गाठी असतील तर सूत्रकृमी.

हा जिवाणू मातीत राहतो, आम्ल आणि ओल्या मातीत त्याचं फावतं. औषधाने तो जात नाही, त्यामुळे दुकानदार देईल त्या पुडीवर पैसे घालवू नका. करायचं ते असं.

सामू सुधारा. 5.2 वरून 6 च्या वर यायला हवा. चौरस मीटरला 250 ते 300 ग्रॅम डोलोमाइट, मेच्या वळवानंतर किंवा सप्टेंबरच्या उघडिपीत, वीतभर मातीत मिसळून. शिंपल्यांचा भाजलेला चुना वापरणार असाल तर निम्मा पुरे, तो तीव्र असतो. चुना आणि शेणखत किंवा युरिया एकाच वेळी घालू नका, नत्र वायू होऊन उडून जातं. मधे तीन आठवडे जाऊ द्या. चुन्यामुळे टोमॅटोचं बूड काळं पडणंही कमी होतं, ते कॅल्शियमच्या कमतरतेचं लक्षण. फक्त तेही पाणी रोज सारखं दिलं तरच.

उन्हाळ्यात माती तापवा. एप्रिल-मे महिन्यांत तुमच्याकडे पाणी कमीच आहे. तेव्हा रिकामा वाफा एकदा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणा, कडा मातीत दाबा, पाच-सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. तण आणि वरच्या थरातल्या सूत्रकृमी बऱ्याच मरतात. मरीचा जिवाणू खोलवर राहतो, त्यामुळे एवढ्यावर अवलंबून राहू नका.

वाण बदला. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटो मर, पानं मुरडणारा विषाणू आणि करपा या तिन्हींना तोंड देतो. संकरित आहे, त्याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरू नका, गुण विखुरतात. गावठी वाण हवंच असेल, आगशीच्या वांग्यासारखं, तर कलम करा. सिसिलीच्या हरितगृहांतही टोमॅटो आणि वांगी कलमावर घेतात, तो उपाय आपल्याकडे परसातही होतो. वांग्यासाठी खुंट म्हणजे रस्त्याकडेला वाढणारं काटेरी रानवांगं, पांढऱ्या फुलांचं आणि वाटाण्याएवढ्या फळांच्या घोसांचं. त्याचं बी उशिरा उगवतं, म्हणून जुलैच्या सुरुवातीला टाका आणि आगशीचं बी तीन-चार आठवड्यांनी. दोन्हींची खोडं पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड आणि एकसारखी झाली की खुंट दोन पानांच्या वर आडवा कापा, मधोमध सेंटिमीटरभर चीर द्या, डोळकाडी (वर बसवायचा आगशीचा शेंडा) पाचरीसारखी तासून बसवा आणि क्लिप लावा. ब्लेड प्रत्येक रोपाला स्पिरिटने पुसा. सात दिवस सावलीत, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. आतून पाण्याचे थेंब दिसत राहिले पाहिजेत. मग रोज थोडं थोडं उघडा. घाईने उघडलं की डोळकाडी दुपारीच सुकते. टोमॅटोसाठी रानवांग्यापेक्षा मर सहन करणाऱ्या वांग्याचं रोप खुंट म्हणून बरं. लावताना सांधा मातीच्या चार बोटं वर राहू द्या. टोमॅटो खोल लावायची सवय असते, पण सांधा गाडला गेला तर वरच्या भागाला मुळं फुटतात आणि रोग तिथून आत येतो.

वेळापत्रक: चवथीच्या आसपास पत्र्याखाली किंवा प्लॅस्टिकखाली रोपवाटिका, ऑक्टोबर मध्याला लागवड, फूटभर उंच आणि मीटरभर रुंद वाफ्यावर. टोमॅटोचं अंतर 60 बाय 45 सेंटिमीटर. चौरस मीटरला 3 किलो शेणखत, 100 ग्रॅम निंबोळी पेंड. पहिली तोडणी डिसेंबरअखेर, फेब्रुवारीपर्यंत चांगलं उत्पन्न. मार्चमध्ये रात्री 23-24 च्या वर गेल्या की फूल लागत नाही, तेव्हा झाडं उपटून तांबडी भाजी (लाल माठ) टाका. रोगट झाड मुळासकट काढून जाळा, कंपोस्टात नको. त्या वाफ्यात पुढची दोन वर्षं मिरची, वांगी, टोमॅटो नको. मका, मुळा, अळसांदे, तांबडी भाजी चालेल. नवलकोल आणि कोबी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच घ्या, फ्लॉवर घेणार असाल तर लवकर येणारं वाण.

चोडण_बेट:

पाण्याचा हिशेब कुणी मांडला नाही, तो मांडतो. हिवाळ्यात पूर्ण वाढलेल्या भाजीला दिवसाला साधारण 4 मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला 4 लिटर पाणी लागतं. 1500 लिटरपैकी 1000 मळ्याला दिलं तर 250 चौरस मीटर. ठिबक आणि आच्छादन केलंत तर 300 ते 350 पर्यंत जाल. 800 चौरस मीटर एकदम भाजीखाली आणायचा बेत असेल तर तो सोडा. 300 मध्ये भाजी, वरच्या उथळ भागात पावसाळी कणगी आणि अळसांदे, कडेला झाडं. मे महिन्यात 750 लिटरवर फक्त झाडं आणि तांबड्या भाजीचा एखादा वाफा ठेवा.

ठिबक साधं घ्या: 16 मिलिमीटरची नळी, दर 40 सेंटिमीटरला ताशी 2 लिटरचा ड्रिपर, सकाळी पाऊण ते एक तास. विहिरीच्या पाण्यात जांभ्यामुळे लोह असतं, त्याचा गाळ ड्रिपरमध्ये बसतो. गाळणी आठवड्याला धुवा आणि महिन्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडा. आच्छादनाला नारळाची सोडणं, पालथी मांडलेली. बुंध्याला टेकवू नका, खाली वाळवी येते.

आता छप्पर. 100 चौरस मीटरवर 3000 मिलिमीटर म्हणजे 3 लाख लिटर. सांडलवंड वजा जाता अडीच लाखांच्या आसपास. माल्टात त्याच छपरावर 55 हजार पडतं, तरी त्यांनी पूर्वापार घराखाली खडकात टाक्या कोरल्या. तुम्ही 20 हजार लिटरची टाकी बांधलीत तर ती 250 मिलिमीटर पावसात भरेल, म्हणजे जूनमध्येच. उरलेलं पाणी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. पहिल्या सरीचं 200 लिटर पाणी बाजूला काढायला एक ड्रम लावा, कौलांवरची घाण त्यात जाते. टाकी पूर्ण बंद आणि प्रत्येक तोंडावर बारीक जाळी. डासांच्या बाबतीत आपल्याकडे सवलत नाही.

मयेला खारट पाण्याचा प्रश्न नाही, पण हा धागा दिवाडी, चोडण, सांतइस्तेव्ह या बेटांवरची मंडळीही वाचतील. बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. माल्टातही असंच आहे, आणि बेसुमार उपशाने तिथलं भूजल खारावलंय. ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर खालचं खारं पाणी 40 मीटर वर सरकायला बघतं. म्हणून बेटावर खोल बोअर मारून जोरात उपसू नका. उथळ विहीर, लहान पंप, दिवसातून दोनदा थोडं थोडं. एप्रिलमध्ये पाण्याची क्षारता मोजून घ्या: 0.7 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर घेवडा मार खातो, टोमॅटो 1.7 पर्यंत आणि अंजीर 1.8 पर्यंत निभावतं. खारट पाणी पानांवर फवारू नका, मुळाशीच द्या. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पावसाळ्यात आपल्या मातीतलं मीठ धुऊन निघतं, माल्टात ते तेवढं धुतलं जात नाही. फक्त खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानशीची, म्हणजे पाणी अडवायची दारं आणि बांध धड असले पाहिजेत.

मये_परस:

सगळ्यांचे मनापासून आभार. काड्या आणू नको म्हणून भावाला कळवलं. चर आणि गडगा मेच्या आत उरकतो, मग डोलोमाइट. दोन गोष्टी राहिल्या. लिंबाचं कुणी लिहिलं नाही: इथलं कागदी लिंबू पावसात भरपूर लागतं आणि एप्रिल-मे महिन्यांत एकही नसतं, शिवाय फळांवर खरबरीत तपकिरी फोड येतात. दुसरं, भाऊ म्हणतो तिथे टोमॅटो मीठ लावून उन्हात वाळवतात. इथे होईल का?

कुळागर_फोंडा:

फोड म्हणजे खैऱ्या, तोही जिवाणूच. पावसाच्या माऱ्याने पसरतो आणि पान पोखरणाऱ्या अळीच्या जखमांतून आत शिरतो. फेब्रुवारीत फोड असलेल्या फांद्या कापून जाळा, मे अखेरीस एक टक्का बोर्डो, पावसाच्या उघडिपीत पुन्हा एकदा.

उन्हाळ्यातल्या लिंबासाठी झाडाला ताण द्यावा लागतो. सिसिलीत जून-जुलैत पाणी तोडून झाड सुकवतात आणि मग भरपूर देऊन अवेळी फुलवतात. आपल्याकडे ती संधी पाऊस संपल्यावर मिळते. ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी बंद, आळ्यातलं आच्छादनही काढा. उथळ जांभ्यात 12 ते 15 दिवस पुरतात, खालच्या खोल मातीत तीन आठवडे. दुपारी पानं वळायला लागली आणि थोडी पिवळी होऊन गळली की थांबा. निम्म्याहून जास्त पानं गळेपर्यंत ताणलंत तर फुलाऐवजी नुसती पालवी येते, किंवा फांद्या मागे मरतात. मग पाच वर्षांच्या झाडाला 15-20 किलो शेणखत, 1 किलो निंबोळी पेंड, आणि पाणी टप्प्याटप्प्याने: पहिल्यांदा नेहमीच्या निम्मं, चार दिवसांनी पाऊण, मग पूर्ण. एकदम भरलंत तर फूल गळतं. नोव्हेंबरअखेर फुललेलं लिंबू मेच्या मध्यापर्यंत हाती येतं. ऑक्टोबरअखेर विजांचा पाऊस झाला तर ताण मोडतो. त्या वर्षी पुन्हा ताणत बसू नका, झाडावर दोनदा ओझं पडतं.

वाळपईची_बी_बियाणे:

टोमॅटो वाळतात, पण फेब्रुवारी-मार्चमध्येच आणि किनाऱ्यापासून आतल्या गावांत जास्त चांगले. लांबट, गराचे टोमॅटो घ्या, रसाळ गोल नकोत. उभे दोन भाग करा, बियांचा रस काढा, किलोला 20 ग्रॅम मीठ लावून कापलेली बाजू खाली ठेवून तासभर निथळू द्या. मग कापलेली बाजू वर करून जाळीवर, खालून वारा जाईल असे मांडा. सूप किंवा पत्रा नको, खालच्या बाजूला घाम येतो. वर मलमल. ऊन उतरायच्या आधी घरात घ्या, दव लागलं की दुसऱ्या दिवशी पांढरी बुरशी दिसते. चार-पाच दिवसांत चामड्यासारखे होतात. मधून फाडून बघा, आत चिकट ओल असेल तर अजून एक दिवस. पूर्ण कोरडे झाल्यावर काचेच्या बरणीत, सोलांसारखेच (आमसुलांसारखेच) घट्ट झाकून. तेलात घालून बाहेर ठेवू नका. अर्धवट ओल्या फोडी तेलाखाली हवेविना राहिल्या तर बोटुलिझमचं विष तयार होऊ शकतं आणि त्याला वास किंवा रंग येईलच असं नाही. तेलात हवेच असतील तर लागतील तेवढेच घाला, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.